एका हातात मावेल असा

म्बिता,
५ फेब्रुवारी २०२३

लॅव्हेंडा,

तुमच्या शाळेत फोन चालत नाही, म्हणून कितीतरी वर्षांनी पेन हातात धरलंय. अक्षराला हसू नकोस. हे पत्र तुझ्याआधी तुमच्या न्याबोके मॅडम वाचतील हे मला माहीत आहे. मुलींची सगळी पत्रं उघडून, वाचून, मग शिक्का मारून देतात असं तुझ्या बाबाने मोठ्या कौतुकाने सांगितलं. तर मॅडम, नमस्कार. मी लॅव्हेंडाची आत्या रिस्पर. फेरीबोटीवर तिकिटं फाडते. पत्रात मुलगी बिघडेल असं काही नाही, फक्त कॅमेऱ्याबद्दल आहे.

लॅव्हेंडा, मला कॅमेरा घ्यायचाय. फोनवर काढून काढून कंटाळले. अकराच्या सुमाराला तलाव असा काही चकाकतो की फोनच्या काचेत मला माझंच कपाळ दिसतं, समोरचं काही नाही. गेल्या आठवड्यात एक नवरदेव गादी डोक्यावर घेऊन बोटीत चढला आणि बसायला जागा नाही म्हणून पूर्ण वेळ तसाच उभा राहिला. मी फोन काढून, उघडून, सावली धरून तयार होईपर्यंत त्याने गादी खाली ठेवली होती. असे किती गेले.

नाताळात मी जेवताना हे बोलले तेव्हा तू आत मुलांना वाढत होतीस. तुझा बाबा म्हणाला, या वयात गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणार का, पर्यटकासारखी? मग मासा संपवून म्हणाला, घ्यायचाच असेल तर चांगला मोठा घे, आपला पोरगा फेलिक्स लग्नं, मयती काढेल, घराला उपयोग होईल. मी म्हटलं, दादा, मला लग्नं नाही काढायची. तो म्हणाला, मग काय काढायचंय? मी म्हटलं, मला दिसेल ते. त्यावर तुझा बाबा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

तू शाळेच्या फोटो मंडळात आहेस, तुला कळतं. मला लहान पाहिजे. तिकिटांच्या पिशवीत मावला पाहिजे. एका हाताने, उजव्या हाताने, सगळं करता आलं पाहिजे. गळ्यात अडकवायचा नाही. आणि डोळा लावून बघायची खिडकी पाहिजे, म्हणजे उन्हाची कटकट नको. यातलं काय मिळतं ते कळव.

तुझी,
रिस्पर आत्या


शाळा, ग्वासी
१९ फेब्रुवारी २०२३

प्रिय आत्या,

तुझं पत्र शिक्का मारून मिळालं. देताना मॅडम म्हणाल्या, "तुझी आत्या माझ्याशीही बोलते वाटतं." रागावल्या होत्या की हसत होत्या ते कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच काही कळत नाही.

आता कॅमेरा. तुला जो पाहिजे त्याला मिररलेस म्हणतात. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत लेन्सच्या मागे आरसा असायचा, फोटो काढताना तो खाट्कन वर उचलला जायचा. यात आरसाच नाही, त्यामुळे कॅमेरा पातळ होतो आणि आवाजही बंद करता येतो. पण त्यातही लहान-मोठे असतात, आणि तू लहानाच्या मागे लागू नकोस. मोठ्याला पकड असते, बॅटरी जास्त टिकते आणि लांबची झूम लेन्स लावता येते. झूम असली की तू बोटीच्या या टोकाला बसून त्या टोकाचा माणूस काढू शकतेस, त्याला पत्ताही लागणार नाही.

एक स्पष्ट बोलू? लहान, पिशवीत लपेल असा, गळ्यात न अडकवायचा, हे सगळं वाचून मला वाटलं की तू घाबरतेस. बाबा हसला म्हणून तुला लाज वाटली. तू कुणाला घाबरत नाहीस असं मी मैत्रिणींना सांगत असते, मग हे काय? घ्यायचा तर मिरवायला घे. आणि एका हाताने कशाला? दुसरा हात काय फक्त तिकिटं फाडायला ठेवलाय?

बाबा मागच्या रविवारी आला होता. आत्याला मोठा घ्यायला सांग, असं त्यानेही मला सांगितलं. फेलिक्ससाठी. मी त्याच्या सांगण्यावरून लिहीत नाहीये, मला खरंच तसं वाटतं.

अजून एक विचारायचं आहे. गेल्या वर्षी ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत तू कुठे होतीस? दोन भेटींचे दिवस आली नाहीस. बाबा म्हणाला मोम्बासाला प्रशिक्षणाला गेलीय. तिकिटं फाडायचं तीन महिने काय शिकवतात?

तुझी,
लॅव्हेंडा


म्बिता,
४ मार्च २०२३

लॅव्हेंडा,

घेतला. परवा सुट्टी टाकून किसुमूला गेले आणि घेऊन आले.

दुकान एका शिंप्याच्या वर आहे. मालकाचं नाव शेम, बारीक मिशीचा, वापरलेले कॅमेरे विकतो. त्याने आधी माझ्या चपलांकडे बघितलं, मग म्हणाला, मुलासाठी का? मी म्हटलं, माझ्यासाठी. मग तुझ्यासारखाच त्याने सर्वांत मोठा काढून ठेवला, पुढे हातभर लेन्स. मी म्हटलं, दे हातात. एका हाताने उचलला तर मनगट खालीच गेलं. शेम म्हणाला, "दुसऱ्या हाताने लेन्सला आधार द्यायचा असतो." मी म्हटलं, "दुसरा हात कामात आहे, मोजायचा नाही." त्याला काही कळलं नाही, पण त्याने पुढे विचारलंही नाही. एवढ्यावरून माणूस मला आवडला.

दुसरा अगदी चपटा, साबणाच्या वडीएवढा. त्याला खिडकी नव्हती, नुसती मागची काच. मी तो घेऊन जिन्यात उन्हात गेले. काचेत परत माझंच कपाळ. आणून ठेवला.

तिसरा मला सापडला, शेमने दाखवला नव्हता. कपाटात मागे होता. वरचा काळा रंग कोपऱ्यांवर घासून खालचं पितळ दिसतं. वरच्या कोपऱ्यात छोटी खिडकी आहे. लेन्स आखूड, झूम नाही, म्हणजे दुसऱ्या हाताने काही फिरवायलाच नको. सगळी चाकं उजव्या अंगठ्याखाली. उचलला तर कपभर चहाएवढं वजन. मी डोळा लावला, खाली रस्त्यावर मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईकडे बघून दाबलं. आवाज आला नाही. मी परत दाबलं. शेम म्हणाला, अहो, दोन्ही आलेत. गळ्याचा पट्टा देत होता, तो मी परत दिला आणि मनगटाची दोरी घेतली.

आता तुझ्या बोलण्याचं. घाबरते म्हणालीस. पोरी, झूम लावून लांबून चोरून काढायचे ते घाबरट. माझ्या कॅमेऱ्याला जवळ जावं लागतं. दोन हातांच्या अंतरावर उभी राहून काढते मी, माणूस माझ्याकडे बघत असतो, नको म्हणायचं असेल तर म्हणतो. परवापासून तीन जण नको म्हणाले, एकीने शिवी दिली. बाकीच्यांचे आले. मिरवायचं म्हणालीस, तर तेही मला नको. माझ्याकडे एक गोष्ट अशी असू दे की जिचा घराला काही उपयोग नाही. तुझे आतोबा गेल्यापासून दादाला वाटतं की माझ्या प्रत्येक वस्तूवर त्याने आधी विचार करायचा असतो. फेलिक्सला सांग, बोटीवर ये, तिकीट काढ, तुझा फोटो फुकट काढून देते.

प्रशिक्षण लांबलं. शिकायचं ते शिकले.

भेटीच्या दिवशी येते. तळलेला मासा आणते.

रिस्पर आत्या


शाळा, ग्वासी
२६ मार्च २०२३

आत्या,

तू आलीस, मासा आणलास, आणि निघून गेलीस. मला आठवडाभर लिहावंसं वाटलं नाही. आता लिहिते.

मी धावत आले तेव्हा तू दोन्ही हात पुढे करून मला अडवलंस. सगळ्या मुली बघत होत्या. इतरांच्या आया, आत्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि तू मला म्हणालीस, "पुरे, पुरे, मोठी झालीस." मग तू झाडाखाली डब्यापलीकडे बसलीस. माझ्याशी बोलताना सतत अंगावरची शाल सारखी करत होतीस, जशी काही निघायची घाई आहे. तो कॅमेरा मनगटाला होता. तू स्वयंपाकघरातल्या बायकांचे फोटो काढलेस, मक्याच्या उगालीच्या पातेल्याचा काढलास, फाटकावरच्या म्हाताऱ्याचा काढलास. माझा एकही काढला नाहीस. एकही.

मी घाबरट म्हणाले म्हणून तू रागावलीस का? मग सरळ तसं सांग. मी माफी मागते. पण मला परक्यासारखं वागवू नकोस. आई गेल्यावर तूच माझे केस विंचरलेस. आणि आता हात लावू देत नाहीस.

बाबाला विचारलं तर तो म्हणाला, आत्याच्या फार मागे लागू नकोस, तिचं डोकं आजकाल कॅमेऱ्यात असतं. मला हे खरं वाटत नाही. तुम्ही दोघं मिळून काहीतरी लपवताय. खरं सांगायचं नसेल तर पत्र लिहू नकोस.

लॅव्हेंडा


म्बिता,
८ एप्रिल २०२३

लॅव्हेंडा,

मॅडम न्याबोके, हे आधी तुमच्यासाठी. या पत्रात जे आहे ते मुलीला कळू नये असं तुम्हाला वाटेल. वाचायचं तर पूर्ण वाचा, अर्ध्यावर सोडून निर्णय घेऊ नका. आणि दिलं नाहीत तर मी स्वतः येऊन फाटकावर मोठ्याने वाचून दाखवीन. माझा आवाज बोटीच्या इंजिनावर चढतो.

पोरी, मी मोम्बासाला गेले नव्हते. मी किसुमूच्या इस्पितळात होते. माझ्या डाव्या छातीत गाठ होती. तिला हात लावून मी वर्षभर गप्प बसले, त्यामुळे ती मोठी झाली. ऑगस्टमध्ये डाव्या बाजूचं सगळं काढलं, काखेतलंही. मग औषधं दिली. केस गेले, ते परत आले. डावा हात मात्र पूर्वीसारखा होणार नाही. वजन उचललं की सुजतो, खांद्यावर पट्टा घेता येत नाही, फार वर जात नाही. म्हणून लहान कॅमेरा. म्हणून एका हाताचा. लाज वाटली म्हणून नाही.

हे तुझ्या बाबाला माहीत होतं. तोच मला इस्पितळात घेऊन गेला, रोज डबा आणला, हे मी विसरणार नाही. पण बाहेर पडताना गाडीत बसल्यावर म्हणाला, "रिस्पर, हे आपल्या दोघांत राहू दे. लोक म्हणतील घराण्याला शाप आहे. उद्या लॅव्हेंडाला कोण मागणी घालेल?" मी थकले होते. हो म्हटलं. तुझं नाव घेतलं म्हणून हो म्हटलं. त्याने आतून भरायला कापसाची एक गादी शिवून आणली होती. कुणाकडून शिवून घेतली देव जाणे. ती घालून मी महिनोन् महिने तिकिटं फाडली. ती सरकायची. दिवसातून दहा वेळा शाल सारखी करायची. भेटीच्या दिवशी तू धावत आलीस तेव्हा मला वाटलं, ही बिलगली की गादी सरकेल आणि हिला सगळ्यांसमोर कळेल. म्हणून अडवलं. तुझा फोटो काढला नाही, कारण डोळे भरले की त्या खिडकीतून काही दिसत नाही. तीन वेळा डोळा लावला होता, तुला दिसलं नाही.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी गादी चुलीत टाकली. कापूस छान पेटतो.

मग कामाचा शर्ट घातला, नुसता. कॅमेरा पाण्याच्या पिंपावर ठेवला. यात दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघायची सोय आहे. समोर जाऊन उभी राहिले. पहिल्यात डोळे मिटले होते, दुसऱ्यात वाकडी होते. चौथा बरा आला. शर्टाची डावी बाजू सपाट आहे, इस्त्री केल्यासारखी. हनुवटी वर आहे. एक प्रत सोबत पाठवते. दुसरी मी तिकिटाच्या खिडकीत लावली.

आमचे साहेब आले आणि म्हणाले, काढ ते, प्रवाशांना कसंतरी वाटतं. मी म्हटलं, "साहेब, मी रोज समोर बसते तेव्हा वाटत नाही, आणि फोटो बघून वाटतं? मग मलाच काढा." फोटो अजून तिथेच आहे. मीही.

दादाला कुणीतरी सांगितलं. तो बोटीवर आला, फोटो बघितला, माझ्याशी एक शब्द न बोलता पलीकडच्या काठावर उतरला आणि परतीला भाड्याच्या माताटू गाडीने लांबच्या रस्त्याने गेला. माझ्या बोटीत बसायला नको म्हणून पाच तास.

पुढच्या वेळी तू उजव्या बाजूने ये. तिकडून हवी तेवढी घट्ट धर.

आत्या


शाळा, ग्वासी
१८ एप्रिल २०२३

श्रीमती रिस्पर यांस,

सप्रेम नमस्कार. आपलं पत्र मी पूर्ण वाचलं. तीनदा वाचलं. त्यावर शिक्का मारला नाही. लॅव्हेंडाला माझ्या खोलीत बोलावून दिलं आणि ती वाचून होईपर्यंत बाहेर उभी राहिले. तिचं पत्र याच पाकिटात आहे, ते मी वाचलेलं नाही. पुढच्या सत्रापासून मुलींची पत्रं उघडायची नाहीत असं मी ठरवलं आहे.

आता जे लिहिते ते लिहायला मला दोन दिवस लागले. मला उजव्या बाजूला गाठ आहे. नाताळाच्या आधीपासून. मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या हाताखाली चारशे मुली आहेत, आणि मला एका डॉक्टरसमोर जाऊन बसायची हिंमत होत नाही. शाळा सुटल्यावर, सोमवारी सकाळच्या पहिल्या बोटीने मी येऊ शकते. आपण माझ्याबरोबर किसुमूला याल का?

उत्तर पाठवू नका. आलात तर बरं वाटेल, नाही आलात तरी मी समजेन.

ग्रेस न्याबोके


आत्या,

सुट्टीत मी आधी घरी जाणार नाही. आधी तुझ्याकडे येणार. बाबाला तसं कळवलंय, विचारलं नाहीये.

मला कोण मागणी घालणार याची काळजी माझ्या नावावर कुणी करायची नाही. त्यालाही हेच सांगणार आहे.

फोटो माझ्या उशीखाली नाही. कपाटाच्या दारावर आतून नाही, बाहेरून लावलाय.

लॅव्हेंडा


म्बिता,
११ जून २०२३

लॅव्हेंडा,

हे तुला लिहायची परवानगी मॅडमनी दिली आहे. म्हणाल्या, "त्या मुलीला सगळं सांगा, नाहीतर ती तुम्हाला असं पत्र लिहील की तुम्हालाच पळ काढावा लागेल."

त्या पहिल्या सोमवारी तू झोपली होतीस, मी पहाटेच निघाले होते. मॅडम बोटीवर आल्या त्या काळा चष्मा, मोठी टोपी आणि डोक्याला रुमाल अशा. सगळी बोट त्यांच्याकडेच बघत होती. मी म्हटलं, मॅडम, हे काढा, नाहीतर लोकांना वाटेल बँक लुटायला निघालात. त्या हसल्या. त्या हसतात हे तुला माहीत होतं का? वरचा एक दात वाकडा आहे, म्हणून दाबून ठेवतात.

इस्पितळात नर्सने नाव विचारलं तर त्यांना स्वतःचं आडनाव आठवेना, मी सांगितलं. दहा दिवसांनी कळलं की गाठ वाईटच आहे. पण लहान आहे, वेळेत आली. डॉक्टर म्हणाल्या की सगळं काढायची गरज नाही, गाठ आणि थोडं भोवतालचं काढलं की पुरे. गेल्या गुरुवारी ते झालं. काल त्या सूप प्यायल्या आणि त्यांनी नर्सच्या इंग्रजीतल्या चुका काढल्या. म्हणजे बऱ्या आहेत.

बुधवारी ऑपरेशनला जाताना बोटीवर त्या म्हणाल्या, माझा एक फोटो काढाल का, आज आहे तशी? मी म्हटलं, उभ्या राहा. त्या उभ्या राहिल्या, शाळेच्या वार्षिक फोटोतल्यासारख्या, दगडी. मी कॅमेरा खाली घेतला आणि विचारलं, ग्वासीच्या पोरी जेवणाच्या रांगेत तुमची नक्कल करतात, माहीत आहे का? त्या म्हणाल्या, "सगळ्यांत चांगली तुमची भाची करते." आणि हसल्या. तेव्हा काढला. त्यांना कळलंच नाही. अजून वाट बघत होत्या की मी कधी काढते.

तुझा बाबा अजून बोलत नाही. दर शनिवारी मासळी मात्र पाठवतो, नाव न सांगता. मासळीवर कुणाची सही नसते, पण तिच्या दोरीला अशा गाठी फक्त तो मारतो.

आत्या


शाळा, ग्वासी
३० जुलै २०२३

प्रिय आत्या,

काल पालक दिन झाला. तुझी बोट बंद पडली म्हणून तू येऊ शकली नाहीस, त्यामुळे सगळं नीट लिहिते.

फोटो मंडळाचं प्रदर्शन जेवणाच्या सभागृहात होतं. मी तुझे नऊ फोटो लावले. गादीवाला नाही, तो तुला मिळालाच नव्हता, पण कणसं भाजणारी बाई, ओमेना मासळी वाळवणाऱ्या बायका, आणि ती म्हातारी जिने तुला शिवी दिली आणि दुसऱ्या दिवशी येऊन स्वतःच काढ म्हणाली. मधोमध तुझा लावला, पिंपावरून काढलेला, मोठा करून. काही शिक्षक म्हणाले की पालकांसमोर हा नको. न्याबोके मॅडम अजून रजेवर आहेत, पण तासाभरासाठी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "राहू दे." त्या बोलल्यावर कुणी बोलत नाही.

बाबा आला. मी त्याला सांगितलं नव्हतं. तो कडेकडेने बघत बघत आला आणि मधोमध थांबला. मी हात बांधून शेजारी उभी राहिले. ठरवलं होतं की त्याने काढ म्हटलं तर सगळ्यांसमोर नाही म्हणायचं. शब्दसुद्धा पाठ केले होते.

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. तेवढ्यात दुसऱ्या कुठल्याशा वर्गातल्या मुलीचे वडील आले, ते जाडे, बसचे मालक. त्यांनी फोटो बघितला आणि हलक्या आवाजात बाबाला विचारलं, "ही बाई कोण? हिला काय झालंय?"

मी तोंड उघडणार होते. बाबाने माझ्या दंडाला धरून मला थांबवलं. मला वाटलं, आता हा म्हणणार, माहीत नाही.

तो म्हणाला, "माझी बहीण. कॅन्सर झाला होता. फोटो तिने स्वतः काढलाय."

आणि ते गृहस्थ काहीतरी कुजबुजायला लागले तर बाबा म्हणाला, "मोठ्याने बोला. लपवायचं काही नाही."

आत्या, तो हे चांगलं ओरडून म्हणाला. सभागृहात मासे तळणाऱ्या बायकासुद्धा वळल्या. मग तो बाहेर जाऊन फणसाच्या झाडाखाली एकटा बसला, आणि मी त्याच्याजवळ जाऊन बसले. निघताना त्याने विचारलं, उद्या बोट चालू होईल का? मी म्हटलं, कशाला? तो म्हणाला, "तिकीट काढायचंय."

तुझी,
लॅव्हेंडा